वेळेची कसोटी : वास्तवकाल संगणकांचे मूल्यमापन

वरात निघून गेल्यावर घोडे आणले, तर ते कितीही उमदे असले तरी त्याचा उपयोग कोणता? ‘वरातीमागून घोडे’ ही आपल्या भाषेतील जुनी म्हण संगणकशास्त्राच्या एका महत्त्वाच्या शाखेला तंतोतंत लागू पडते. कार्यालयातील वेतनपत्रक तयार करणाऱ्या संगणकाने दहा मिनिटे अधिक घेतली, तर कर्मचाऱ्यांची थोडीशी गैरसोय होते. वेतनाचा आकडा मात्र चुकत नाही. परंतु आगगाडीचा ब्रेक लावणारा, अणुभट्टीवर देखरेख करणारा किंवा अत्यवस्थ रुग्णाच्या श्वसनयंत्राचे नियमन करणारा संगणक क्षणभर जरी रेंगाळला, तरी अनर्थ ओढवू शकतो. अशा ठिकाणी उशिरा मिळालेले बरोबर उत्तर हे चुकीच्या उत्तराइतकेच निरुपयोगी ठरते.

बाहेरच्या जगात घडणाऱ्या घटनेला ठरलेल्या मुदतीच्या आत प्रतिसाद देण्याचे बंधन ज्या संगणकांवर असते, त्यांना ‘रिअल-टाइम’ म्हणजेच वास्तवकाल संगणक असे म्हणतात. अशा संगणकांची क्षमता मोजावयाची कशी आणि ते मोजमाप विश्वासार्ह आहे हे ओळखावयाचे कसे, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय तांत्रिक असला, तरी त्याचे मर्म समजण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

मुदतीचे दोन प्रकार

वास्तवकाल कामांचे सामान्यतः दोन वर्ग केले जातात. पहिल्या वर्गात मुदत ‘सैल’ असते. दूरध्वनीवरील संभाषणात किंवा चित्रफितीत एखादा तुकडा उशिरा पोहोचला, तर आवाज क्षणभर तुटतो, चित्र अडखळते. पण पुढे सर्व सुरळीत होते. दुसऱ्या वर्गात मुदत ‘कडक’ असते. ती एकदाही चुकलेली चालत नाही.

कडक मुदतीचे एक उदाहरण आपल्या नित्य व्यवहारातील आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या पारेषण वाहिनीवर बिघाड झाल्यास तो भाग साधारणतः १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, जाळ्यापासून अलग करावा लागतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. त्या हिशेबाने ही मुदत अवघ्या पाच आवर्तनांची आहे. एवढ्या वेळात संरक्षक यंत्राने बिघाड ओळखावयाचा, निर्णय घ्यावयाचा आणि खटका पाडावयाचा. हे साधले नाही, तर एका वाहिनीतील दोष शेजारच्या वाहिन्यांवर भार टाकतो आणि अंधाराचे क्षेत्र वाढत जाते.

वेगवान म्हणजे वक्तशीर नव्हे

संगणकाची क्षमता मोजण्यासाठी जी ठरावीक चाचणी घेतली जाते, तिला ‘बेंचमार्क’ म्हणतात. सर्व संगणकांना एकच काम द्यावयाचे आणि ते कोण किती वेळात पुरे करतो हे पाहावयाचे, अशी ही सरळ कल्पना आहे. या क्षेत्रातील एक जुनी व प्रसिद्ध चाचणी म्हणजे ‘व्हेटस्टोन’. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातील व्हेटस्टोन या गावी अल्गॉल या संगणकभाषेचा एक अनुवादक तयार झाला होता. त्यावरून हे नाव पडले. १९७२ मध्ये तयार झालेल्या या चाचणीत प्रामुख्याने दशांश अपूर्णांकांची गणिते करण्याचा वेग मोजला जाई. पुढे १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी पूर्णांक आणि अक्षरमालिका यांवर भर देणारी दुसरी चाचणी रचली. इंग्रजीत ‘वेट’ म्हणजे ओले. म्हणून ही ‘ड्राय’, म्हणजे कोरडी, असा विनोद साधून तिला ‘ड्रायस्टोन’ असे नाव देण्यात आले. ‘स्टोन’ म्हणजे दगड. आपल्याकडेही सोन्याचा कस पाहण्याचा दगड म्हणजे कसोटी. तेव्हा नावाचा हा योग मोठा गमतीचा आहे.

या चाचण्यांनी संगणकांची तुलना करणे सोपे झाले, पण त्यांच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. ड्रायस्टोनमधील काही गणितांचे उत्तर पुढे कोठेच वापरले जात नसे. हुशार अनुवादक हे ओळखून ती गणिते गाळून टाकीत. काम न करताच ते झाल्याचे दिसे आणि संगणकाचा आकडा फुगे. परीक्षेतील प्रश्न आधीच ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांवरून त्याच्या ज्ञानाची पारख होत नाही, तसाच हा प्रकार होता.

वास्तवकाल संगणकाच्या बाबतीत तर याहून मूलभूत अडचण होती. या चाचण्या संगणक एकूण किती काम उरकतो हे सांगत. परंतु अचानक आलेल्या हाकेला तो किती लवकर आणि किती खात्रीने ‘ओ’ देतो, हे सांगत नसत. वेग आणि वक्तशीरपणा हे दोन वेगळे गुण आहेत.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कामाची मुदत एक मिलिसेकंद, म्हणजे १,००० मायक्रोसेकंद आहे. पहिला संगणक सरासरी २० मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देतो, पण क्वचित प्रसंगी त्याला ५,००० मायक्रोसेकंद लागतात. दुसऱ्याची सरासरी ६० मायक्रोसेकंद आहे. मात्र तो कधीही १५० च्या पुढे जात नाही. जाहिरातीत पहिला संगणक तिप्पट वेगवान ठरेल. या कामासाठी मात्र दुसराच योग्य होय. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे एवढ्या माहितीवर कोणी शहाणा मनुष्य ती ओलांडावयास जात नाही. सर्वांत खोल डोह कोठे आहे, हेच तो आधी विचारतो.

ऱ्हीलस्टोन : सहा प्रश्न

ही उणीव भरून काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न १९८९ मध्ये झाला. रवींद्र कर आणि केंट पोर्टर यांनी ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ या अमेरिकन मासिकातून ‘ऱ्हीलस्टोन’ नावाची चाचणी सुचविली. संगणकातील कामांचे नियोजन करणारी मूळ प्रणाली कितपत चपळ आहे, हे पाहण्यासाठी त्यांनी सहा गोष्टी मोजावयास सांगितल्या.

१. एक काम बाजूला ठेवून समान दर्जाचे दुसरे काम हाती घेण्यास लागणारा वेळ.

२. अधिक महत्त्वाचे काम उभे राहताच चालू असलेले काम थांबवून त्याला जागा देण्यास लागणारा वेळ.

३. बाहेरून ‘इंटरप्ट’, म्हणजे लक्ष वेधणारा विद्युत्संकेत, आल्यापासून त्यासाठी नेमलेल्या आज्ञावलीचा पहिला आदेश सुरू होईपर्यंतचा विलंब.

४. एकाच साधनासाठी अनेक कामे रांगेत असता, एकाने ते सोडल्यावर दुसऱ्याच्या हाती जाण्यास लागणारा वेळ. या व्यवस्थेला ‘सेमाफोर’ म्हणतात. रेल्वेच्या हात असलेल्या जुन्या सिग्नलचेच हे नाव आहे.

५. कनिष्ठ कामाने अडवून ठेवलेले साधन ज्येष्ठ कामाला हवे असता, ती कोंडी फोडण्यास लागणारा वेळ.

६. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे माहिती पोहोचविण्याची गती.

या सहा प्रश्नांचे मोल आजही कमी झालेले नाही. तथापि या चाचणीतही दोन उणिवा होत्या. एक म्हणजे ती प्रामुख्याने सरासरी वेळ मोजीत असे. दुसरी म्हणजे सहाही मापे एकत्र करून शेवटी एकच आकडा काढला जाई. ज्याचा एक गुण अत्युत्तम व दुसरा अगदी वाईट आहे असा संगणक त्या एका आकड्यामागे सहज लपू शकतो. अर्थात, प्रत्येक उपयोगाच्या गरजेनुसार मापांना कमीअधिक वजन द्यावे, अशी सोय कर्त्यांनीच सुचविली होती.

हार्टस्टोन : ओझे वाढवून पाहणे

याच सुमारास, १९८९ मध्ये, अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत नेल्सन वायडरमन यांनी वेगळ्या विचाराची चाचणी मांडली. कडक मुदतीचे इंग्रजी नाव आणि व्हेटस्टोन यांच्या संयोगाने तिला ‘हार्टस्टोन’ असे नाव मिळाले. तिची पद्धत बैलाची ताकद पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखी आहे. गाडी ओढता येते की नाही एवढेच पाहावयाचे नाही. तर ओझे थोडेथोडे वाढवीत नेऊन बैल नेमका कोठे थांबतो ते पाहावयाचे.

चाचणीच्या पहिल्या मालिकेत पाच कामे ठरावीक अंतराने पुनःपुन्हा करावयाची असतात. सर्वांत संथ काम सेकंदाला दोनदा, त्यापुढील चार, आठ, सोळा आणि सर्वांत जलद काम बत्तीस वेळा. प्रत्येक वेळचे काम पुढची पाळी येण्यापूर्वी संपलेच पाहिजे. त्यानंतर चार प्रकारे ओझे वाढविले जाते : सर्वांत जलद काम अधिक जलद करून, सर्वच कामांची गती वाढवून, प्रत्येक पाळीतील काम वाढवून, आणि कामांची संख्या वाढवून. मुदत प्रथम जेथे चुकते, तेथे संगणकाची खरी मर्यादा समजते.

या चाचणीला सैद्धांतिक आधारही होता. सी. एल. लिउ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्येच गणिताने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. जे काम वारंवार करावयाचे त्याला वरचा प्राधान्यक्रम, असा स्थिर नियम ठेवला आणि कामांची संख्या बरीच असली, तरी एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेपर्यंत एकही मुदत चुकणार नाही. कामांच्या आवर्तनांचा मेळ बसत असेल, म्हणजे दोन, चार, आठ अशी पटीची गती असेल, तर हा भार १०० टक्क्यांपर्यंतही नेता येतो. तसा मेळ नसेल, तर ६९ टक्क्यांच्या पुढे प्रत्येक वेळी वेगळी तपासणी करावी लागते. यावरून हे दिसून येईल की, वास्तवकाल संगणकात काही क्षमता रिकामी दिसली, तर तो अपव्यय नसून अनेकदा ती सुरक्षिततेची राखीव पुंजी असते.

चंद्रावरील धडा

ओझे मर्यादेपलीकडे गेल्यावर संगणक कसा वागतो, हेही तपासले पाहिजे. २० जुलै १९६९ रोजी ‘अपोलो-११’चे यान चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असता त्यातील संगणकाने १२०२ या क्रमांकाचा आणि पुढे १२०१ चा धोक्याचा इशारा दिला. उतरण्यासाठी आवश्यक नसलेल्या एका रडारकडून निरर्थक संकेत येत होते आणि ते मोजण्यातच संगणकाचा मोलाचा वेळ खर्च होत होता. परंतु त्याच्या प्रणालीची रचना दूरदृष्टीने केलेली होती. भार पेलेनासा होताच तिने स्वतःला पुन्हा सुरू केले, कमी महत्त्वाची कामे सोडून दिली आणि यान उतरविण्याचे काम अखंड चालू ठेवले. कोणते काम टाकावयाचे आणि कोणते काही झाले तरी टाकावयाचे नाही, हे आधीच ठरलेले होते. यान सुखरूप उतरले.

किल्ली कोणाच्या खिशात?

दुसरा धडा मंगळावरील आहे. ४ जुलै १९९७ रोजी ‘मार्स पाथफाइंडर’ मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच स्वतःला पुन्हा सुरू करू लागला आणि त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाऊ लागले. याचे कारण कार्यालयीन व्यवहारातील एका प्रसंगाने समजावून घेता येईल.

एका कार्यालयात अभिलेख-कक्षाची एकच किल्ली आहे, असे समजा. एका कनिष्ठ लिपिकाने ती घेतली. तेवढ्यात प्रमुख अधिकाऱ्यांना त्या कक्षातील कागद तातडीने हवा झाला. लिपिक दोन मिनिटांत काम आटोपून किल्ली देणार, तोच मधल्या दर्जाच्या एका अधिकाऱ्याने त्याला बोलावून दुसऱ्याच लांबलचक कामाला जुंपले. किल्ली लिपिकाच्या खिशात आणि प्रमुख अधिकारी खोळंबलेले! त्या कक्षाशी काही संबंध नसलेल्या माणसामुळे सर्वांत महत्त्वाचे काम अडले.

पाथफाइंडरमध्ये हवामानाची माहिती गोळा करणारे काम कनिष्ठ होते आणि माहितीच्या मुख्य मार्गाची वाटणी करणारे काम ज्येष्ठ होते. दोघांना एकच ‘किल्ली’ लागत होती आणि मधल्या दर्जाची कामे आड येत होती. ज्येष्ठ काम सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात पुरे झाले नाही, की देखरेख करणारी आज्ञावली संगणक पुन्हा सुरू करी. यावरील उपायही सोपा होता. ज्याच्या हाती किल्ली आहे, त्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्या ज्येष्ठाचा दर्जा द्यावयाचा, म्हणजे मधला कोणी त्याला बाजूला करू शकत नाही. ही सोय प्रणालीत होती, पण ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी तसाच संगणक चालवून दोष शोधला आणि दुरुस्ती मंगळाकडे पाठविली.

चाचणीच्या दृष्टीने यातील खरा बोध पुढेच आहे. असा प्रकार उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत क्वचित दिसला होता. पण तो पुन्हा घडवून आणता आला नाही आणि त्याचा उलगडाही झाला नाही. शिवाय यानाचे काम अपेक्षेहून इतके उत्तम चालले की, पृथ्वीकडे येणारी माहिती आणि वैज्ञानिक प्रयोग दोन्ही चाचणीतील प्रमाणापेक्षा अधिक झाले. त्या वाढीव यशाचा भार कोणी तपासून पाहिला नव्हता.

चाचणी किती वेळ चालावी?

तिसरा धडा अत्यंत दुःखद आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरबस्तानातील धहरान येथे एका ‘स्कड’ क्षेपणास्त्राने २८ अमेरिकन सैनिकांचा बळी घेतला. तेथील ‘पेट्रिअट’ संरक्षक यंत्रणा ते रोखू शकली नाही. या यंत्रणेचा संगणक वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजीत असे. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहिताना जशी तिनांची रांग संपत नाही, तसाच संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक-दशांश पूर्णपणे लिहिता येत नाही. २४ अंकस्थानांनंतर तो तोडल्यामुळे प्रत्येक वेळी सेकंदाचा सुमारे एक कोटीवा अंश मागे राही. यंत्रणा सतत १०० तास चालू होती. त्या अवधीत ही चूक साचत साचत सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात ‘स्कड’ अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्यामुळे रडार चुकीच्या जागी पाहत राहिले. सुधारलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचली.

ही यंत्रणा एका जागी इतका दीर्घ काळ अखंड चालविली जाईल, असे गृहीत धरलेले नव्हते. अल्पकाळाच्या चाचणीत अशी चूक दिसतच नाही. साधा हिशेब पाहा. एखादे काम दर मिलिसेकंदाला करावयाचे आहे आणि एक कोटी वेळांत सरासरी एकदा मुदत चुकते, असे समजा. एक मिनिटाच्या चाचणीत ते काम फक्त ६०,००० वेळा होईल आणि दोष बहुधा दिसणार नाही. परंतु दिवसभरात ते ८ कोटी ६४ लाख वेळा होईल आणि मुदत आठ-नऊ वेळा चुकेल.

आजची परिस्थिती

आजचे संगणक त्या काळच्या तुलनेत कितीतरी वेगवान आहेत. तथापि वेग वाढविणाऱ्या युक्त्यांमुळेच त्यांचा वक्तशीरपणा सांगणे अवघड झाले आहे. वारंवार लागणारी माहिती जवळच्या लहान स्मृतिकोशात ठेवली जाते. ती तेथे सापडली तर काम चटकन होते, न सापडल्यास दूरच्या स्मृतीकडे जावे लागते. एकाच तबकडीवरील अनेक गणनकेंद्रे ही स्मृती वाटून घेतात आणि एकमेकांची वाट अडवितात.

मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेल्या ‘लिनक्स’ प्रणालीला वास्तवकाल कामांसाठी सक्षम करण्याचे प्रयत्न सुमारे दोन दशके चालले होते. २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीच्या वेळी ते मूळ प्रणालीत पूर्णत्वाने समाविष्ट झाले. तिची परीक्षा घेण्यासाठी ‘सायक्लिकटेस्ट’ नावाचे साधन प्रचारात आहे. ते ठरावीक क्षणी जागे करण्याची विनंती प्रणालीला करते आणि प्रत्यक्षात किती उशिरा जाग आली ते नोंदविते; किमान, सरासरी आणि कमाल असे तीनही आकडे ते देते. ही परीक्षा घेताना संगणकावर इतर कामांचा भरपूर भार टाकला जातो, कारण रिकाम्या रस्त्यावर कोणतीही गाडी वेळेवर पोहोचते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मोजलेला कमाल विलंब हा त्या चाचणीत दिसलेला कमाल विलंब असतो. त्याहून मोठा विलंब कधीच होणार नाही, अशी हमी तो देत नाही. म्हणूनच विमानासारख्या ठिकाणी मोजणीच्या जोडीला आज्ञावलीचे गणिती विश्लेषण करून विलंबाची वरची सीमा सिद्ध केली जाते.

खरेदीदाराने विचारावयाचे पाच प्रश्न

पाणीपुरवठा, वीज, वाहतूक आणि आरोग्य या सार्वजनिक सेवांत अशा यंत्रणांचा वापर होतो आणि त्यांची खरेदी निविदा मागवून होते. निविदेत केवळ ‘वेगवान संगणक’ असे लिहून भागणार नाही. पुढील पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागितली, तर तंत्रज्ञ नसलेल्या अधिकाऱ्यालाही पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल.

१. प्रत्येक कामाची मुदत किती, हे आकड्यांत सांगितले आहे काय?

२. दिलेला प्रतिसादकाल सरासरी आहे की सर्वांत वाईट प्रसंगीचा?

३. चाचणी कोणत्या भाराखाली घेतली? प्रत्यक्षात अपेक्षित असलेल्या भाराहून तो अधिक होता काय?

४. चाचणी किती वेळ अखंड चालली? यंत्रणा महिनोन्‌महिने चालावयाची असेल, तर काही मिनिटांची चाचणी पुरेशी कशी?

५. मुदत चुकलीच, तर यंत्रणा काय करील? कोणते काम सोडील आणि कोणते जपेल?

याशिवाय, चाचणीत एखादी विसंगती एकदाच दिसली आणि पुन्हा दिसली नाही, तरी तिची नोंद ठेवून छडा लावण्याचा आग्रह धरावा. पाथफाइंडरच्या अनुभवाचे हेच सार आहे.

चाचणीचा आकडा हा प्रमाणपत्रावरील शोभेचा अलंकार नव्हे. ब्रेक, वीजवाहिनी किंवा श्वसनयंत्र यांच्या भरवशावर असलेल्या माणसाला दिलेले ते वचन आहे. त्या माणसाची गाठ सरासरी क्षणाशी पडत नाही. त्याच्या वाट्याला येईल त्या एका क्षणाशी पडते. त्या क्षणी यंत्र वेळेवर धावून आले पाहिजे आणि तसे ते येईल याची खात्री आधीच करून घेणे, हेच या कसोटीचे प्रयोजन आहे.